नोहाच्या तारवाचं दार

शमूने ती गोष्ट सांगितली ती शेंगा निवडता निवडता. उद्याच्या हंगामाच्या सणाला देवळात न्यायच्या भुईमुगाच्या शेंगा सुपात घेऊन तो उंबऱ्याशी बसला होता. मोठ्या आवाजात बोलला नाही, कुणाकडे बघितलंही नाही.

"मी नाही जाणार, आई. आजच पाळकसाहेबांना सांगून टाकू."

कोकिळा खिडकीपाशी पांढऱ्या सदऱ्याला गुंड्या लावत होती. उद्याच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेब शमूच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार होते, आणि नाताळ झाला की तो पाळक व्हायच्या शिक्षणाला जाणार होता. त्या घटकेला अंगात घालायचा सदरा तो. तिच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालास?"

"शेंगा ठेव खाली," दीपक म्हणाला, "आणि आईकडे बघून बोल."

"बघितलं तर बोलता येणार नाही, बाबा. म्हणून तर सूप घेऊन बसलो."

आतून, ओट्यापाशी वांगी भाजणारी ज्योती हसली. "आपल्या घराची रीतच आहे ही. मोठी गोष्ट सांगायची म्हणजे हातात काहीतरी निवडायला पाहिजे. मी लग्न करणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा तांदूळ निवडत होते. आबांनी काय केलं माहितीये? खडे नीट काढ म्हणाले."

"ज्योती, तू मध्ये पडू नको."

"पडले नाही दादा, उभी आहे."

कॉटवर इंदिराबाई बसल्या होत्या, दीपक आणि ज्योतीची आई. त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारी मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगतात त्या वर्गाची चित्रं. फ्लॅनेलच्या पाटीवर चिकटवायची, मागे पॉलिशपेपरच्या पट्ट्या लावलेली. मेंढरं, कोल्हे, राजे, देवदूत, मासे. प्रत्येक गोष्टीचं वेगळं पाकीट. उद्या सणाच्या उपासनेआधी मुलांना शमूच्या नावाची, बायबलातल्या शमुवेलाची गोष्ट सांगायची, हे त्यांनी नातवाच्या कौतुकापोटी महिनाभर आधीच ठरवलं होतं. देवपुरातल्या ख्रिस्ती घरांतली निम्मी माणसं लहानपणी त्यांच्या या पाटीसमोर मांडी घालून बसलेली. आता त्यांची मुलं बसत. दीपकचं कुटुंब सणासाठी सकाळच्याच बसने जळगावहून आलं होतं. तिथल्या मेहरूणच्या घराला कुलूप, आणि पिशवीत भरताची हिरवी वांगी.

"अक्का, ऐकताय ना?" कोकिळा म्हणाली.

"ऐकतेय."

"मग बोला की काहीतरी."

"त्याचं पुरतं ऐकू दे आधी."

शमूने एक पोचट शेंग बाजूला टाकली. "उन्हाळ्यात मी त्या शिबिराला गेलो होतो ना, जे पुढे शिकायला जाणार त्यांच्यासाठी होतं ते. माणसं फार चांगली होती. कुणाविषयी माझी तक्रार नाही. पण पहाटे प्रार्थनेला डोळे मिटले की मला तवा दिसायचा. वाटायचं, रात्रपाळी सुटली असेल. लोटनभाऊ माझ्या खानावळीच्या गाळ्यासमोर येऊन शटर बंद बघून परत गेले असतील. काय खाल्लं असेल त्यांनी?"

"तवा!" कोकिळाने सदरा मांडीवर आपटला. "देवाला वाहिलेला मुलगा, आणि डोळे मिटून याला काय दिसतं, तर तवा!"

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पाइपांच्या कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला एका गाळ्यात शमूची खानावळ होती. भाकरी, वरण, एक भाजी, आणि हिवाळ्यात भरीत. डाळ मिलमधले हमाल, मशीनवरची पोरं, बाहेरगावहून येऊन एका खोलीत पाचजण राहणारे मजूर, असे सगळे तिथे जेवत. दीपक स्वतः डाळ मिलमध्ये मशीनवर होता, तोही दुपारचा तिकडेच जाई. कोकिळाने मात्र त्या गाळ्यात आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"लोक विचारतात, मुलगा काय करतो," ती म्हणाली. "मी सांगते, सध्या खानावळ आहे, पुढे सेवेत जाणार आहे. इतकी वर्षं मी 'सध्या' म्हणत आलेय. आता काय म्हणू?"

"सध्याही खानावळ आहे आणि पुढेही खानावळ आहे, असं म्हण," शमू हळूच म्हणाला.

दीपकला हसू आलं ते त्याने मिशीत दाबलं, पण कोकिळाला दिसायचं ते दिसलं. "हसा तुम्ही. बाप-लेक एकाच ताटात जेवता ना."

ज्योती हात पुसत बाहेर आली. नर्स म्हणून सगळा जन्म दवाखान्यात गेलेला, त्यामुळे भांडणात कुणाची नाडी कधी धरायची हे तिला बरोबर कळे. आत्तापर्यंत भाच्याच्या बाजूने वाटणारी ती अचानक म्हणाली, "शमू, खानावळ वाईट असं मी म्हणत नाही. पण आईनं देवाला शब्द दिलाय रे. देवाला दिलेला शब्द म्हणजे चहाचं आमंत्रण नव्हे, की आज जमलं नाही, पुढच्या रविवारी येतो."

"शब्द तिनं द्यायचा आणि जायचं त्यानं?" दीपक म्हणाला. सुरुवातीला बायकोची री ओढणारा तो आता सरळ उठून मुलाच्या शेजारी जाऊन बसला. "मला तरी कुणी विचारलं होतं?"

"विचारायला तुम्ही होतात कुठं? मिलमध्ये! दवाखान्यात माझ्याजवळ कोण होतं? ह्या होत्या." कोकिळाने इंदिराबाईंकडे बोट केलं, आणि मग मोठ्या माणसाकडे बोट दाखवल्याचं भान येऊन हात पदराखाली घेतला. "अक्का, तुम्हीच सांगितलं होतं. माझी दोन गेली होती. हा पोटात, आणि डॉक्टर काही बोलत नव्हते. तुम्ही म्हणालात, त्या शमुवेलाच्या आईसारखं, हन्नासारखं नवस बोलून मागून घे. मी मागितलं. हा झाला. शमुवेल नाव तुम्हीच ठेवलंत. देवळात वेदीपुढे मी त्याला दोन्ही हातांवर धरून म्हटलं, हा तुझ्या कामाला दिला. आता तुम्हीच सांगा त्याला."

सगळे इंदिराबाईंकडे बघू लागले.

इतकी वर्षं मुलांना शिकवून इंदिराबाईंना एक कळलं होतं. जोरात विचारलेल्या प्रश्नाच्या आत पुष्कळदा दुसराच एक प्रश्न दडलेला असतो. रडणारं पोर म्हणतं, माझी पाटी घेतली. आणि खरं दुखणं असतं ते हे, की आज डबाच आणलेला नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"कोकिळा, सदरा त्याच्या अंगाला लावून बघितलास का?"

"आता सदऱ्याचं काय?"

"बघ तर."

शमू उठला. आईने हातात दिला तसा त्याने सदरा चढवला. बाह्या बऱ्या होत्या, पण खांद्यात तो अडकला. हात पुढे केले की पाठीवर ताणला जाई.

"जुन्या सदऱ्याच्या मापानं बेतला मी," कोकिळा पुटपुटली. "कॉलेजातल्या."

"त्यानंतर किती पीठ मळलंय त्यानं," ज्योती म्हणाली. "खांदे कुठं ठेवणार?"

"कोकिळा," इंदिराबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "तो गेला नाही, तर काय होईल?"

"मंडळीत तोंड दाखवायला…"

"मंडळीचं राहू दे. मंडळी दोन रविवार बोलेल आणि नाताळच्या तयारीला लागेल. काय होईल?"

कोकिळा हातात उरलेल्या गुंडीशी चाळा करत राहिली. बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पांझरा नदीच्या पुलापर्यंत विरत गेला. मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तो परत घेईल."

"कोण?"

"देव. दिलेलं मी परत ठेवून घेतलं तर तो सोडेल का? दोन घेतलीच की त्यानं. मागच्या वर्षी याला टायफॉइड झाला तेव्हा वाटलं, आला. आठवण करून द्यायला आला. पहाटे हा मोटरसायकलवर भाजी आणायला बाजारात जातो. गाळ्यावर पोचल्याचा याचा फोन येईपर्यंत मी पडून असते, पण झोपलेली नसते. मला पाळकाची आई व्हायची हौस नाही, अक्का. मला नुसती आई राहायचंय."

शमूने अंगातला सदरा अलगद काढला, घडी घातली, आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू भीतीनं गेला असतास. मला तू आनंदानं जायला हवा होतास." तिने डोळे पुसले. "पाळकसाहेबांना आज काही सांगू नको. उद्यापर्यंत थांब. एवढं ऐक माझं."

"थांबतो."

आतून करपल्याचा वास आला आणि ज्योती "माझी वांगी!" म्हणत धावली.

संध्याकाळी इंदिराबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. शमुवेलाची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. तरी त्यांनी पवित्र शास्त्र, आपलं जुनं बायबल उघडलं आणि चष्मा लावला. मंदिरात वाढणारा लहान मुलगा, तिथला म्हातारा याजक एली, विझत आलेला दिवा. हाक. मुलगा धावत जातो, मला बोलावलंत का? नाही रे बाळा, जा झोप. पुन्हा हाक. शेवटी एलीच्या ध्यानात येतं की हाक मारणारा देव आहे. मग मुलगा म्हणतो, बोल, मी ऐकतोय. इथे त्या नेहमी थांबत. इथे पाटीसमोरची मुलं श्वास रोखून बसलेली असत. मग त्या पाटीवरची चित्रं काढत आणि म्हणत, तर मुलांनो, शमुवेल पुढे मोठा संदेष्टा झाला. प्रार्थनेला हात जोडा.

आज त्या थांबल्या नाहीत. पुढे वाचत गेल्या. आणि एका छोट्या ओळीशी त्यांचं बोट थबकलं. ओळ नवी नव्हती. शेकडो वेळा नजरेखालून गेलेली होती, रोज ज्या पायरीवर पाय देऊन आपण घरात शिरतो पण तिचा रंग सांगता येत नाही तशी.

आणि त्यांना एकदम अभिमनची आठवण आली. त्यांच्या नवऱ्याची, दीपक-ज्योतीच्या आबांची.

अभिमन मुलांच्या बोर्डिंगचा आचारी. आता ते बोर्डिंग नाही, त्या जागी नव्या वर्गखोल्या उभ्या आहेत. पण तेव्हा आवारातल्या एका खोलीत त्यांचा संसार होता, आणि इंदिराबाईंची रोजची सकाळ एका आवाजाने होई. अंधार असतानाच अभिमन जाऊन मुदपाकखान्याचं मोठं दार उघडत. लोखंडी कडी, तिचा खणखणाट, मग लाकडी फळ्यांची लांब कुरकुर. पाठोपाठ चुलीचा धूर, आणि थाळ्या वाजवत येणारी पोरं. साक्रीकडची, नवापूरकडची, डोंगरातली, आई-बापांपासून दूर आलेली. नवं पोर पहिले काही दिवस रडत रडत, सगळ्यांत शेवटी येई. म्हणून अभिमनची रीत होती, तव्यावरची पहिली भाकरी कुणाला वाढायची नाही. ती फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची, मागून येणाऱ्यासाठी.

"बठ्ठा पोरं जेवनात का?" ते दारात उभे राहून विचारत, कुणी जेवायचं राहिलं का म्हणून. मग त्या पोराला हाताला धरून आत आणत.

लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात इंदिराबाईंनी विचारलं होतं, इतक्या थंडीत एवढ्या लवकर दार कशाला उघडायचं? पोरं तर उजाडल्यावर येतात. अभिमन हसून म्हणाले होते, "दार बंद दिसनं तर नवं पोर परत जाई. आपलं काम दार उघडानं शे. येनारा येई."

खानावळीत अजूनही पहिली भाकरी अशीच बाजूला असते, हे शमूने कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्याला आजोबांनी तसं शिकवलं नव्हतं. त्यांच्याजवळ बसून बसून ते त्याच्या हातात आलं होतं.

इंदिराबाईंनी शास्त्र मिटलं आणि घरात जाऊन बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला. शमुवेलाच्या पाकिटात मुलगा होता, म्हातारा होता, दिवा होता, अंथरूण होतं. हवं ते चित्र नव्हतं. त्या बराच वेळ शोधत राहिल्या. मग त्यांनी प्रलयातल्या नोहाचं पाकीट उपडं केलं.

सकाळी देवळाच्या व्हरांड्यात सतरंजीवर मुलं दाटीवाटीने बसली होती. आत सणाची मांडामांड चालली होती. वेदीपुढे रावेरकडून आलेले केळीचे घड, कापसाच्या बोंडांची टोपली, भोपळे, बाजरीची कणसं, झेंडूच्या माळा. शेती नसलेल्यांनी आपापल्या हातचं काही आणलेलं. कुणी शिवलेलं झबलं, कुणी लोणच्याची बरणी. शमूने वेदीच्या कोपऱ्यात फडक्यात बांधलेली एक भाकरी ठेवलेली इंदिराबाईंनी येताना पाहिली होती. त्याने सदरा नेहमीचाच घातला होता, चौकटीचा. पांढरा खांद्यात बसतच नव्हता.

गोष्ट रंगात आली. एली घोरू लागला तेव्हा मुलंही घोरली. शमुवेल तिसऱ्यांदा धावत गेला तेव्हा छोटा योनाथान उठून स्वतःच धावून आला.

"बाई, देवानं मोठ्यांदा का नाही हाक मारली? ढगातून?" सुवार्ताने विचारलं. हिची आईही या वयात पाटीसमोर बसून असेच प्रश्न विचारायची.

"तुला काय वाटतं?"

"तो घाबरला असता."

"शाब्बास. आणि देवाची हाक कशी होती बघ. इतकी हळू, इतकी मायेची, की शमुवेलाला वाटलं आपल्या घरातलंच माणूस बोलावतंय. म्हणून तर तो एलीकडे गेला. रागावून धरायला आलेलं माणूस अशी हाक मारतं का?"

"नाही! आमचे बाबा रागावले की गल्लीला ऐकू येतं," योनाथान म्हणाला.

व्हरांड्याच्या खांबाशी कोकिळा उभी होती. फुलांची परडी घेऊन आत जाता जाता थांबलेली. इंदिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मग शमुवेल म्हणाला, बोल, मी ऐकतोय. देवानं त्याला फार मोठी गोष्ट सांगितली. इतकी मोठी, की ती दुसऱ्याला सांगायची त्याला भीती वाटली. रात्र सरली. आता सांगा, सकाळ झाल्यावर शमुवेलानं पहिलं काय केलं?"

"प्रार्थना!"

"भाषण!"

"दात घासले!"

इंदिराबाईंनी डब्यातून पुठ्ठ्याचं एक दार काढलं. कापडाच्या पट्टीवर उघडझाप होणारं, दोन फळ्यांचं. त्यांनी ते पाटीवर शमुवेलाच्या शेजारी लावलं.

मुलांत एकच गलका उडाला. "बाई, ते नोहाच्या तारवाचं आहे!"

"बाई, चुकलात! त्यातून हत्ती जातो!"

"माहितीये रे. आज उसनं आणलंय. माझ्याकडे या गोष्टीतलं दारच नव्हतं, कारण मी दारापर्यंत कधी आलेच नव्हते." त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन्ही फळ्या हळूच उघडल्या. "देव रात्री त्याच्याशी बोलला. आणि सकाळी शमुवेल उठला आणि त्यानं मंदिराची दारं उघडली. रोजच्यासारखी."

मुलं त्या उघड्या दाराकडे बघू लागली.

"एवढंच?" योनाथान म्हणाला.

"एवढंच. बाहेर दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं थांबलेली असतील. कुणी रडत आलेलं, कुणी उपाशी. दार उघडलं नसतं तर?"

"ती परत गेली असती," सुवार्ता म्हणाली.

"मग दार उघडणं हे देवाचं काम की साधं काम?"

या प्रश्नावर मुलांचे दोन पक्ष पडले. एक पोरगी म्हणाली, साधं. दुसरी म्हणाली, देवाच्या घराचं म्हणून देवाचं. योनाथान म्हणाला, "बाई, साधंच. पण देवानं बघितलं असेल."

"बघितलं असेल," इंदिराबाई म्हणाल्या.

"आणि त्याची आई?" सुवार्ताने विचारलं. "तिनं त्याला देऊन टाकलं, मग ती भेटायला यायची का?"

"दर वर्षी यायची. येताना त्याच्यासाठी एक अंगरखा शिवून आणायची."

"माप कसं कळायचं तिला? तो तर मोठा होत असणार."

"तेच तर. दर वर्षी थोडं मोठं माप."

"जुन्या मापाचा आणला असता तर बसलाच नसता," सुवार्ता म्हणाली, आणि ही गोष्ट फार गंभीर असल्यासारखी मान हलवली.

इंदिराबाईंनी तेव्हा खांबाकडे पाहिलं. खांबाशी कोणी नव्हतं. फुलांची परडी तेवढी खाली ठेवलेली होती.

उपासनेत कोकिळा बायकांच्या बाकावर, डोळे मिटून बसली होती. गायन झालं, आभाराच्या प्रार्थना झाल्या. केळीच्या घडांचा गोडसर वास सगळ्या देवळात भरून राहिला होता. मग पाळकसाहेब हसतमुखाने पुढे आले.

"आज आपण शेतातलं पीक देवापुढे ठेवलं. एक पीक असं आहे, की ते एका आईनं फार वर्षांपूर्वी वाहिलं होतं. शमुवेल, पुढे ये बाळ."

शमू उठला. इंदिराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता तो काय बोलणार, की काहीच न बोलता मान खाली घालणार? आईसाठी मान खाली घातली तर जन्मभर ती तशीच राहील. आणि नाही म्हणाला तर त्या बाईची प्रत्येक पहाट जन्मभर तशीच जाईल.

तो वेदीजवळ पोचायच्या आत बाकांच्या रांगेतून कोकिळा निघाली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, चाल जरा घाईची. ती जाऊन मुलाच्या शेजारी उभी राहिली.

"पाळकसाहेब, मला थोडं बोलायचंय."

"बोला ना, कोकिळाबाई."

"इथंच उभं राहून मी म्हटलं होतं, हा तुझ्या कामाला दिला. ते मी मागे घेत नाही. पण कुठल्या कामाला, ते मीच ठरवून बसले. माप मीच घेतलं. देवानं त्याला दुसरीकडे लावलंय. जळगावला त्याची खानावळ आहे, तिथं. तुम्ही हात ठेवा त्याच्या डोक्यावर. त्या कामासाठी ठेवा."

देवळात कुजबुज झाली. सगळ्यांत पुढे बसणाऱ्या बेबाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्या कुजबुजल्या तरी सगळ्यांना ऐकू जाई. "म्हणजे आता जायचं नाही का याला?"

"जायचंय, मावशी," ज्योतीने मागून उत्तर दिलं. "जळगावला जायचंय. उद्या पहाटे."

दोन-चार जण हसले. दीपक हसला नाही. तो उठून उभा राहिला होता आणि कशाला उभे राहिलो हे त्याला समजत नव्हतं. शेवटी तोही पुढे जाऊन बायकोच्या बाजूला थांबला.

पाळकसाहेबांनी शमूकडे पाहिलं, मग कोकिळाकडे. इंदिराबाईंना वाटलं, हे आता समजावायला लागणार. पण त्यांनी वेदीकडे वळून भोपळ्यांच्या मागे पडलेली ती फडक्याची पुरचुंडी उचलली, सोडली, आणि आतली भाकरी सगळ्यांना दिसेल अशी केळीच्या घडांपुढे ठेवली.

"ही तुझी ना?"

"हो. सकाळची पहिली."

"आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, ही आपली रोजची प्रार्थनाही यातच येते," असं म्हणून त्यांनी शमूच्या डोक्यावर हात ठेवला. कोकिळानेही ठेवला. तिचा हात पाळकसाहेबांच्या हाताखाली होता, मुलाच्या केसांवर, आणि प्रार्थना संपून सगळे आमेन म्हणाले तरी तिने तो काढला नाही.

दुपारच्या बसने इंदिराबाईही त्यांच्याबरोबर जळगावला आल्या. वाटेत कोकिळा खिडकीशी बसून काहीतरी उसवत होती. पारोळ्यापर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहरूणच्या घरी इंदिराबाईंना जाग आली ती मोटरसायकलच्या आवाजाने. शमू बाजाराला निघाला होता. आता कोकिळा अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेली असेल, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात तीच दारात आली, वेणीफणी करून.

"अक्का, येता का? रिक्षा बघायला हे गेलेत."

औद्योगिक वसाहतीत पोचले तेव्हा फटफटत होतं. कारखान्यांच्या भिंतींवरचे दिवे अजून जळत होते. गाळ्यासमोर रात्रपाळीहून सुटलेली माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी होती. शमू भाज्यांच्या पिशव्या उतरवत होता. आईला रिक्षातून उतरताना पाहून त्याच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"आई?"

"किल्ली दे," कोकिळा म्हणाली.

तिने कुलूप काढलं. शटर जड होतं, एका हाताने हलेना. शमू पुढे सरसावला, पण इंदिराबाईंनी त्याच्या दंडाला धरून थांबवलं. कोकिळाने साडीचा पदर कमरेला खोचला, दोन्ही हात खाली घातले आणि जोर केला. शटर करकरत, खडखडत वर गेलं. तो आवाज वेगळा होता, पत्र्याचा होता. तरी इंदिराबाईंनी डोळे मिटले, आणि लाकडी फळ्यांची ती लांब कुरकुर त्यांना ऐकू आली.

"या भाऊ, आत या," कोकिळा बाहेरच्या माणसांना म्हणाली. "थंडीत कशाला उभे? आत बसा."

"तुम्ही कोण, बाई?" लोटनने विचारलं.

"मी शमूची आई."

चूल पेटली. शमूने पीठ मळलं, पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, फुगवली. ती बाजूला ठेवायला त्याने टोपलीकडे हात नेला आणि थबकला. टोपलीत स्वच्छ पांढरं कापड अंथरलेलं होतं. त्याच्या एका कडेला ओळीने काजं होती. गुंड्या तेवढ्या काढून घेतलेल्या.

दीपकनेही ते पाहिलं. "अगं, नवा सदरा होता तो!"

कोकिळा ताटल्या पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"त्याला बसत नव्हता," ती म्हणाली, आणि पहिली भाकरी त्या कापडात गुंडाळून तिने चुलीच्या उबेला ठेवली.